सराटा: पायात रुततो तो, मुतखड्यावर देतात तो

मराठवाड्यात सराटा दोन ठिकाणी हमखास भेटतो. एक तळपायात, दुसरा मुतखड्यावरच्या सल्ल्यात. उन्हाळा तापला की गावात कुणाच्या तरी कंबरेतून कळ निघते, सोनोग्राफीच्या कागदावर पाच-सहा एमएमचा आकडा येतो, आणि कागदाची घडी खिशात जायच्या आत शेजारचं कुणीतरी सांगून मोकळं होतं, "आबा, गोखरूचा काढा घ्या. आठ दिवसांत खडा विरघळून जातो बघा." सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या मेव्हण्यानं काढा घेतलेला असतो आणि त्याचा खडा खरंच पडलेला असतो.

गोखरू म्हणजे आपला सराटाच, आयुर्वेदातला गोक्षुर. त्याच्यात औषध आहे का? आहे. पण मेव्हण्याचा खडा त्या औषधानंच पडला का, हा प्रश्न वेगळा आहे. आणि जिमच्या डब्यावर जो सराटा ‘ताकद वाढवणारा’ म्हणून विकला जातो, त्याची गोष्ट तर तिसरीच.

आधी झाड नीट बघू. झाड कसलं, जमिनीला चिकटून पसरणारी वेलच म्हणा. बांधावर, गावठाणात, खळ्याच्या कडेला, शाळेच्या मैदानावर, रस्त्याच्या मुरमाड कडेला, जिथं दुसरं काही नीट येत नाही तिथं सराटा खुशाल पसरतो. मधोमध एक सोटमूळ सरळ खाली गेलेलं, आणि त्याच्यापासून चारी बाजूंना लालसर, लवदार फांद्या. पानं समोरासमोर जोडीनं येतात, आणि जोडीतलं एक पान मोठं, एक लहान असतं. प्रत्येक पानाला बारीक पानोळ्यांच्या पाच-सात जोड्या. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं, जेमतेम सेंटिमीटरभर. सकाळी उमलतं, ऊन चढलं की मिटतं.

पावसानं पंधरा-वीस दिवस ताण दिला की सोयाबीन माना टाकतं, सराटा मात्र हिरवागार असतो. ज्वारी, बाजरी, मका ज्या पद्धतीनं उन्हाचं अन्न करतात, तीच पद्धत सराट्यात आहे. शास्त्रज्ञ तिला ‘सी फोर’ म्हणतात. या पद्धतीत पानांची छिद्रं फार वेळ उघडी ठेवावी लागत नाहीत, त्यामुळं थोड्या पाण्यात जास्त काम होतं. शिवाय बी एका वर्षात सगळं उगवून संपत नाही. काही यंदा, काही पुढच्या वर्षी, काही त्याच्याही पुढं. खुरपून खुरपून माणूस थकतो, सराटा संपत नाही, याचं कारण हे.

औषधाला वापरतात ते मुख्यतः फळ. वाळलेलं एक फळ हातात घेऊन, जपून, दोन्ही अंगठ्यांनी दाबा. त्याचे पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला दोन लांब काटे वरच्या बाजूला फाकलेले आणि दोन आखूड काटे खालच्या बाजूला. हा तुकडा कसाही भिरकावला तरी एक काटा आभाळाकडं तोंड करून राहतो. म्हणून तो सायकलच्या टायरला सोडत नाही, शेळ्यांच्या खुरांना सोडत नाही, स्लिपरच्या तळाला तर नाहीच नाही. तुकड्याच्या आत, लाकडासारख्या कठीण आवरणाखाली, दोन ते चार बिया एकावर एक बसलेल्या असतात. घरच्या मिक्सरला हे फळ लवकर दाद देत नाही, खलबत्त्यात आधी भरड करावी लागते. पाच तुकडे आणि तुकड्याला चार काटे ही खूण लक्षात ठेवा, पुढं ती कामाला येणार आहे.

ग्रंथ काय म्हणतात

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एक मोठी यादी आहे. कोणत्या कामासाठी कोणतं द्रव्य सगळ्यांत श्रेष्ठ, याची. त्यात गोक्षुर येतो तो मूत्रकृच्छ्र आणि वात यांच्यावर. मूत्रकृच्छ्र म्हणजे लघवीला त्रास होणं: थेंबथेंब होणं, जळजळ होणं, जोर लावावा लागणं. त्याच ग्रंथात लघवीचं प्रमाण वाढवणाऱ्या दहा वनस्पतींचा एक गट दिलाय, त्यातही सराटा ‘श्वदंष्ट्रा’ या नावानं हजर आहे. म्हणजे सराट्याचं खातं ठरलेलं आहे, लघवीचं.

दुसरं काम दशमुळातलं. दशमुळं दोन पाचांची बनतात. बेल, टेंटू, पाडळ, शिवण, अग्निमंथ ही मोठी झाडं, आणि सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी, सराटा ही लहान झुडपं. बाळंतिणीला जो दशमुळाचा काढा किंवा दशमूलारिष्ट देतात, त्यात हा सराटा असतो, पण तिथं परंपरेनं मूळ घ्यायचं असतं, फळ नाही. गोक्षुरादि गुग्गुळ नावाच्या ज्या गोळ्या वैद्य देतात त्यांचा पाठ शार्ङ्गधरसंहितेत आहे. त्यात सराट्यासोबत गुग्गुळ, त्रिफळा, सुंठ-मिरी-पिंपळी आणि नागरमोथा असतो. गुळवेल, आवळा आणि गोखरू समभाग घेतले की झालं रसायन चूर्ण. ग्रंथ सराट्याला गोड रसाचा, थंड गुणाचा, बळ देणारा आणि वृष्य, म्हणजे पुरुषशक्तीला पोषक, असंही म्हणतात. हा शेवटचा शब्द आजच्या बाजाराला फार आवडतो.

मुतखड्याचं काय? सुश्रुतसंहितेत अश्मरीच्या म्हणजे खड्याच्या चिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात एक योग आहे: सराट्याच्या बियांचं चूर्ण मधात कालवून मेंढीच्या दुधाबरोबर सात दिवस घ्यावं. व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘प्राचीन उपाय’ बहुतेक इथूनच उचललेले असतात, आणि इथंच थांबतात. पण सुश्रुताचा तो अध्याय इथं थांबत नाही. तो पुढं म्हणतो की तूप, क्षार, काढे, दूध, उत्तरबस्ती (मूत्रमार्गातून आत सोडलेलं औषध) हे सगळं करूनही खडा ऐकत नसेल तर शस्त्रक्रिया करावी, आणि तीही जोखमीची आहे, कुशल वैद्यालाही यशाची खात्री नाही, म्हणून आधी परवानगी घेऊन करावी. मग खडा कापून कसा काढायचा याचं वर्णन येतं. एवढ्या जुन्या काळात, भूल देण्याची आजची सोय नसताना, ज्या माणसानं शस्त्रक्रियेचा धोका मान्य करून तिची पद्धत लिहून ठेवली, त्याला काढ्यानं प्रत्येक खडा जात नाही हे पक्कं ठाऊक होतं. ग्रंथाचा हवाला द्यायचा तर पूर्ण द्यावा, अर्धा देऊ नये असं मला वाटतं.

खडा होतो कसा आणि पडतो कसा

लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक ॲसिड असे क्षार विरघळलेले असतात. पाणी भरपूर असेल तर ते विरघळलेलेच राहून बाहेर पडतात. पाणी कमी पडलं की साखरेच्या घट्ट पाकात रात्रभरानं भांड्याच्या कडेला खडे धरतात तसं किडनीत होतं. आधी डोळ्याला न दिसणारे स्फटिक, मग ते एकमेकांना चिकटून कण, मग खडा. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात.

आता आपल्याकडचा मे महिना आठवा. पारा बेचाळीसच्या पुढं, अंगातलं पाणी घामावाटे निघून चाललेलं, लघवी दिवसातून दोन-तीनदा आणि तीही गडद पिवळी. टंचाईत तर हिशोबच वेगळा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. जिथं हंडाभर पाण्यासाठी रांग, तिथं ‘दिवसाला तीन लिटर प्या’ हे सांगणं सोपं असतं, करणं नाही. ऊसतोडीला गेलेल्या बाया तर जाणूनबुजून पाणी कमी पितात, कारण फडात आडोसा नसतो. खड्याची गोष्ट करताना हे वगळून चालत नाही.

बोअरच्या जड पाण्यामुळं खडा होतो, असं गावोगाव मानलं जातं. भांड्याच्या तळाला पांढरा थर दिसतो ना, तोच किडनीत बसतो असा समज. प्रकरण इतकं सरळ नाही. अन्न-पाण्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं, त्यामुळं लघवीत जाणारं ऑक्झलेट उलट कमी होतं. इटलीतल्या संशोधकांनी वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षं अभ्यास केला. निम्म्यांना कॅल्शियम कमी केलेला आहार, निम्म्यांना कॅल्शियम नेहमीइतकंच पण मीठ आणि मांस कमी. २००२ मध्ये निकाल छापला गेला: पहिल्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या ६० पैकी १२ जणांना. म्हणजे खडा झाला म्हणून दूध-दही बंद करणाऱ्यांनी चुकीचं दार लावून घेतलं. आवरायचं ते मीठ. लोणचं, पापड, ठेच्यावर वरून भुरभुरलेलं मीठ.

आता मेव्हण्याकडं येऊ. मूत्रवाहिनीत, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडं जाणाऱ्या नळीत, उतरलेला खडा आपोआप पडण्याची शक्यता किती? अमेरिका आणि युरोपातल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनांनी आधीच्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून २००७ मध्ये उत्तर दिलं. पाच एमएमपर्यंतचे खडे शंभरात सुमारे ६८ जणांचे आपोआप पडतात. पाच ते दहा एमएमचे सुमारे ४७ जणांचे. आपोआप, म्हणजे काढून टाकण्याची कुठलीही प्रक्रिया न करता.

या दोन आकड्यांत सगळ्या गावठी उपायांचं गुपित दडलंय. लहान खडा झालेल्या शंभर जणांना तुम्ही सराट्याचा काढा द्या, कुळथाचं पाणी द्या, पानफुटीचं पान द्या, नाहीतर नुसता अंगारा द्या, साठ-पासष्ट जणांचा खडा पडणारच. ते साठजण गावभर सांगत फिरतात. ज्यांचा पडला नाही ते शहरात जाऊन दुर्बिणीनं काढून घेतात आणि गप्प बसतात. म्हणून काढ्यानं खडा पडल्याच्या गोष्टी आपल्या कानावर इतक्या येतात. त्यावरून काढा निकामी ठरत नाही. पण तो कामाचा आहे हेही त्यावरून ठरत नाही. ते ठरवायला काढा घेणारे आणि न घेणारे अशी जोडीनं तुलना लागते.

प्रयोगशाळेतला सराटा

तुलना झाल्यात, पण बहुतेक उंदरांवर आणि काचेच्या नळीत. १९९४ मध्ये भारतीय संशोधकांनी पांढऱ्या उंदरांच्या मूत्राशयात काचेचे बारीक मणी बसवले. मण्याभोवती क्षारांचं पुट चढून खडा तयार होतो, ही ठरलेली पद्धत आहे. सराट्याच्या फळाचा अर्क दिलेल्या उंदरांत हे पुट कमी चढलं. पुढं काचेच्या नळीतल्या प्रयोगांतही अर्क घातला की कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक वाढायचं प्रमाण घटलेलं दिसलं. म्हणजे सराट्यात स्फटिकाला अटकाव करणारं काहीतरी आहे, याला आधार आहे. मात्र अटकाव करणं वेगळं आणि झालेला खडा विरघळवणं वेगळं. कॅल्शियम ऑक्झलेटचा तयार खडा पोटातून घेतलेल्या कुठल्याही औषधानं विरघळत नाही, ॲलोपॅथीच्याही नाही. युरिक ॲसिडचे खडे तेवढे लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधानं विरघळू शकतात. त्यामुळं ‘आठ दिवसांत विरघळतो’ हे वाक्य पडलेल्या खड्यालाही लागू होत नाही. तो विरघळलेला नसतो, वाहून गेलेला असतो.

लघवी वाढवण्याचा गुण? तोही उंदरांत दिसला. २००३ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात सराट्याच्या पाण्यातल्या अर्कानं फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या नेहमीच्या गोळीपेक्षा थोडी जास्तच लघवी झाली. ही बातमी म्हणून कितीही चांगली वाटली तरी मात्रा बघायला हवी: उंदराच्या वजनाच्या दर किलोमागं पाच ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला सरळ गुणाकार केला तर ३०० ग्रॅम अर्क होतो. उंदराची मात्रा माणसाला लावताना शास्त्रज्ञ ती साधारण सहानं भागतात. तसं केलं तरी ५० ग्रॅमच्या घरात जाते. चमचाभर चूर्णात तो परिणाम तेवढाच मिळेल असं गृहीत धरता येत नाही.

आणि काढा प्यायला सांगणारा सोबत काय सांगतो ते आठवा. "दिवसातून तीनदा तांब्याभर घ्या, वरून पाणी भरपूर प्या." या वाक्यातल्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा पुरावा मात्र माणसांवरचा आहे, आणि भक्कम आहे. पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ जणांना इटलीत दोन गटांत वाटलं. एका गटाला रोज दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं, दुसऱ्याला काहीच सांगितलं नाही. पाच वर्षांनी पाणी पिणाऱ्या ९९ पैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला होता, दुसऱ्या गटातल्या १०० पैकी २७ जणांना. १९९६ चा हा अभ्यास. औषध शून्य, खर्च शून्य, आणि पुन्हा खडा होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी. काढ्याचं पातेलं उकळून उरतं ते बहुतांशी पाणीच असतं, हे इथं विसरू नये.

भरतीवाली पोरं आणि बल्गेरियाचा सराटा

लातूर-नांदेडकडं पोलीस भरतीच्या तयारीसाठी खोल्या घेऊन राहणारी पोरं पहाटे मैदानावर पळतात आणि संध्याकाळी जिममध्ये डबे विकत घेतात. अशा डब्यांवर ‘ट्रायब्युलस’ लिहिलेलं असतं. पायातून उपटून फेकलेला सराटा हाच, हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसतं. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, वाढतो, ताकद वाढते, स्नायू भरतात, असा दावा.

या दाव्याचा उगम बल्गेरियात आहे. तिथं १९८० च्या दशकात सराट्यापासून ‘ट्रायबेस्टन’ नावाची गोळी बाजारात आली, आणि तिथले वेटलिफ्टर ती घेतात म्हणून जगभर बोलबाला झाला. पुढं तपासलं गेलं. २००५ मध्ये खुद्द बल्गेरियातल्याच संशोधकांनी २१ तरुणांवर चार आठवडे प्रयोग केला: टेस्टोस्टेरॉनमध्ये फरक नाही. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या २२ रग्बी खेळाडूंवर पाच आठवडे: व्यायामानं दोन्ही गटांची ताकद सारखीच वाढली, सराट्यानं वेगळं काही दिलं नाही. तक्रार असलेल्या पुरुषांवर, म्हणजे लैंगिक दुर्बलता असलेल्या १८० जणांवर, २०१७ मध्ये बल्गेरियातूनच आलेल्या एका अभ्यासात थोडा फायदा दिसला. टेस्टोस्टेरॉन त्यातही हललं नव्हतं. धडधाकट पोराला हा फायदा लागू होत नाही.

आणखी एक भानगड आहे. या सगळ्या दाव्यांचा भार ज्या द्रव्यावर आहे ते प्रोटोडायोसिन. वेगवेगळ्या देशांतले सराटे तपासले तेव्हा बल्गेरिया, तुर्कस्तान या पट्ट्यातल्या सराट्यात ते चांगलं सापडलं आणि भारतातल्या नमुन्यात नगण्य. एकच वनस्पती, पण माती-हवा बदलली की आतला माल बदलतो. तेव्हा बल्गेरियाच्या नावावर आपल्या बांधावरचा सराटा विकणं हा धंदा झाला, औषध नव्हे. त्याहून मोठी काळजी डब्यात सराट्याखेरीज काय मिसळलंय याची. ताकदीच्या पावडरींत न सांगता स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार जगभर सापडलेत. भरतीच्या पोरांनी ते पैसे अंडी आणि शेंगदाण्यावर घालावेत, हे माझं सरळ मत.

झाडपाला आहे, अपाय नाही?

इराणमधल्या २८ वर्षांच्या एका तरुणाची नोंद २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. खडा होऊ नये म्हणून त्यानं सराट्याचं पाणी प्यायला सुरुवात केली. रोज दोन लिटर, दोन दिवस. मग आले ते झटके. दवाखान्यात तपासलं तर यकृताची एन्झाइम्स प्रचंड चढलेली, किडनीचं काम मंदावलं की रक्तात चढणारं क्रिएटिनिनही वाढलेलं. सराटा बंद करून उपचार केल्यावर तो सुधारला. एकट्या रुग्णावरून सगळ्यांना तसं होईल असं म्हणता येत नाही. पण त्याचं कारण वाचा: खडा होऊ नये म्हणून. ज्या किडनीला वाचवायचं होतं तिलाच फटका.

मेंढ्यांचं प्रकरण याहून जुनं आणि नीट समजलेलं आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या माळांवर, पावसानंतर उगवलेला आणि मग उन्हानं कोमेजलेला सराटा मेंढ्यांनी भरपूर खाल्ला की त्यांची तोंडं सुजतात, डोळे पिवळे होतात, ओठ-कानांची कातडी भाजल्यासारखी सोलते. होतं असं की सराट्यातल्या सॅपोनिन नावाच्या द्रव्यांपासून पित्तात स्फटिक बनतात आणि पित्ताची वाट तुंबते. हिरवा चारा पचताना हरितद्रव्यापासून एक रंगद्रव्य तयार होतं, ते एरवी पित्तावाटे बाहेर जातं. वाट तुंबली की ते रक्तात साठतं, कातडीपर्यंत पोचतं, आणि ऊन लागलं की कातडी जाळतं. माळावर चरताना दोन-चार तोंडं सराटा खाणाऱ्या आपल्या शेळ्या-मेंढ्यांना घाबरायचं कारण नाही. प्रश्न मात्रेचा आहे, नुसता सराटाच पोटात गेला तर काय, याचा. सुश्रुतानं सराट्याला मेंढीच्या दुधाची जोड दिली आणि सराट्यानं मेंढीचंच यकृत धरलं, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो.

गरोदर बाई, किडनी आधीच अशक्त असलेला माणूस, रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असलेला, मधुमेहाच्या गोळ्या घेणारा, मानसिक आजारासाठी लिथियम घेणारा, या सगळ्यांनी सराटा परस्पर घेऊ नये. प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्या माणसाला लघवी अडली म्हणून घरच्या घरी काढा पाजणं तर फारच धोक्याचं. वाट बंद असताना लघवी वाढवली तर ती मागं किडनीकडं दाटते. तिथं आधी नळी घालून वाट मोकळी करावी लागते.

ओळखीत चूक झाली तर

काष्ठौषधीच्या दुकानात ‘गोखरू’ म्हटलं की दोन प्रकार पुढं येतात. लहान गोखरू म्हणजे सराटा. मोठं गोखरू निराळ्याच कुळातलं, त्याचं फळ चौकोनी निमुळतं, कोपऱ्यांवर चार काटे, आणि त्याची ताजी पानं पाण्यात घोळली की पाणी बुळबुळीत, दाट होतं. तेही लघवीच्या तक्रारींवर वापरतात, त्यामुळं अदलाबदल झाली तरी अनर्थ होत नाही.

अनर्थ होतो तो तिसऱ्या गोखरूनं. शेताच्या कडेला, उकिरड्यावर, ओढ्याकाठी कमरेएवढं वाढणारं, रुंद खरखरीत पानांचं तण असतं. त्याची लांबट फळं आकड्यांनी भरलेली, धोतराला, साडीला आणि जनावरांच्या शेपटीला गच्च चिकटतात. कुठं त्याला लांडगा म्हणतात, कुठं शंकेश्वर, आणि कुठं सरळ गोखरू. याच्या बियांत आणि कोवळ्या रोपांत यकृत निकामी करणारं विष असतं. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये बांगलादेशच्या ईशान्य भागात, पुरानंतर धान्याची चणचण असताना लोकांनी याची कोवळी रोपं भाजी म्हणून खाल्ली. ७६ जण आजारी पडले, त्यातले १९ दगावले. म्हणून मघाची खूण: पाच तुकडे, तुकड्याला चार काटे, तर सराटा. एकसंध लांबट फळ आणि अंगभर आकडे, तर हात लावू नका. भरड किंवा चूर्ण घेतलं तर यातली कुठलीच खूण उरत नाही, म्हणून घ्यायचंच तर सबंध फळ घ्यावं.

सराट्याचा कोवळा पाला काही घरांत पावसाळी भाजीला घेतात. ओळखीतला असेल, काटे धरायच्या आधीचा असेल, तर पानात वाढलेली एक वेळची भाजी ही काढ्याइतकी मात्रा नसते.

वैद्यांच्या सल्ल्यानं सराटा घ्यायचाच असेल तर आधी काही गोष्टी हातात असू द्या. सोनोग्राफीत खडा लहान आहे, किडनीला सूज नाही, क्रिएटिनिन ठीक आहे, ताप नाही. थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, उलट्या थांबेनात, किंवा किडनी एकच असेल, तर काढ्याचा विचारही न करता दवाखाना गाठा, रात्र असली तरी. आणि कळ थांबली म्हणजे खडा पडला असं धरून बसू नका. कधी कधी खडा वाटेत अडकून बसतो, दुखणं थांबतं, आणि किडनी आतल्या आत फुगत जाते. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून बघावीच लागते.

तोवर लघवी जुन्या धुतलेल्या सुती फडक्यातून गाळत जा. फडक्यावर वाळूच्या कणासारखं काही राहिलं तर फेकू नका, कोरड्या डबीत घालून तपासणीला द्या. खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा की युरिक ॲसिडचा, हे त्या कणावरून कळतं, आणि पुढं मीठ आवरायचं, मटण आवरायचं की गोळी घ्यायची, हे त्यावर ठरतं.